हाजोम किसोर सिंग: टपालानं बांधलेलं नातं

सह्यकडा
युनिटेरियन (ख्रिस्ती परंपरेतून आलेला, एकच देव मानणारा उदार पंथ) म्हटलं की मराठी वाचकाला एकच नाव आठवतं, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. ते आठवायलाच हवं. पण १८ सप्टेंबर जवळ येतोय आणि या तारखेला आणखी एका माणसाची आठवण निघावी असं मनापासून वाटतं.

१८ सप्टेंबर १८८७ ला जोवाई इथं (आजच्या मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत) हाजोम किसोर सिंग यांच्या घरी खासी (तिथल्या टेकड्यांतली एक जमात) युनिटेरियनांची पहिली उपासना झाली. मोजकी माणसं होती. सिंग तेव्हा बावीस वर्षांचे, सरकारी नोकरीत. पुढं १९२३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी ही मंडळी सांभाळली आणि हजारो मैलांवरच्या युनिटेरियनांशी नातं जोडून ठेवलं. तेही बोटीचं तिकीट काढून नाही, टपालाचं तिकीट लावून.

मला सहाएकशे शब्दांचा स्मृतिलेख लिहायचा आहे. जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. हे नातं रोजच्या व्यवहारात कसं चालायचं? आणि अशा लेखांत हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

मेघवाट
फार चांगला विषय. चुकांपासून सुरुवात करते, कारण त्या ठरलेल्या आहेत.

पहिली चूक: "अमेरिकन मिशनऱ्यांनी खासी टेकड्यांत युनिटेरियन चर्च स्थापन केलं." असं झालेलं नाही. टेकड्यांत मिशन होतं ते वेल्श प्रेस्बिटेरियनांचं (हा एक प्रोटेस्टंट पंथ). सिंग किशोरवयात त्या चर्चमध्ये गेले आणि काही वर्षांत प्रश्न पडून बाहेर आले. एक देव, एक माणूस म्हणून येशू, आणि नरकाच्या भीतीवर न उभारलेला धर्म, इथपर्यंत ते आपल्या विचारानं पोचले होते. या विचाराला जगात नाव आहे हे त्यांना नंतर कळलं.

दुसरी चूक चार्ल्स डॉल यांच्याबद्दल. डॉल हे अमेरिकन युनिटेरियन असोसिएशनचे कोलकात्यातले प्रतिनिधी, १८५५ पासून तिथं होते. ब्राह्मो समाजातल्या एका परिचितामुळं सिंग यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि डॉल यांनी विल्यम एलरी चॅनिंग या अमेरिकन युनिटेरियन पाळकांचं लेखन पाठवलं. पण डॉल जुलै १८८६ मध्ये वारले. म्हणजे पहिल्या उपासनेच्या वर्षभर आधी. "डॉल यांच्या मार्गदर्शनाखाली पहिली उपासना" असं कुठं वाचलंत तर तारखा ताडून पाहा.

तिसरी चूक आडनावाची. "सिंग" वाचून त्यांना पंजाबी किंवा शीख ठरवलं जातं. ते खासी होते. त्या काळात खासी घरांत अशी नावं ठेवली जात.

ओंजळ
वाचनखूण साठवली. डॉल गेल्यावर मग धागा कुणी धरला?

मेघवाट
@ओंजळ, जेबेझ संडरलंड यांनी. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला १८७८ ते १८९८ युनिटेरियन पाळक होते आणि 'द युनिटेरियन' मासिकाचं संपादन करत. सिंग यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार जमला तो आयुष्यभरासाठी. संपादकाशी ओळख असण्याचा फायदा असा की एका घरात पोचलेली बातमी मासिकातून शेकडो घरांत जाते. जोवाई हे नाव अमेरिकेत माहीत झालं ते असं.

पंधरा पैशांचं कार्ड
टपालाबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो.

जोवाईहून पत्र निघालं की आधी शिलाँग, सुमारे ६५ किलोमीटर. तिथून गाडीरस्त्यानं गुवाहाटी. मग ब्रह्मपुत्रेतली आगबोट, गोआलंदोला रेल्वे, आणि कोलकाता. तिथून रेल्वेनं देश आडवा ओलांडून मुंबई, कारण विलायतेची डाक दर आठवड्याला मुंबई बंदरातून सुटायची. पुढं सुएझ, इटलीतलं ब्रिंडिसी, तिथून रेल्वेनं युरोप ओलांडून लंडन. मुंबई ते लंडन अडीच-तीन आठवडे धरा. अटलांटिकला आणखी आठवडाभर, न्यूयॉर्कहून मिशिगनला एक-दोन दिवस. जोवाई ते ॲन आर्बर हा हिशेब पाच-सहा आठवड्यांचा होतो आणि उलट टपाली उत्तर आलं तरी तीन महिने. साप्ताहिक डाक एका दिवसानं हुकली की त्यात सात दिवस वाढले. पावसाळ्यात डोंगरातले रस्ते खचले की आणखी.

आता खर्च. इंग्लंडच्या पत्राला अर्ध्या औंसाला साडेचार आणे पडत. १ जानेवारी १८९१ पासून परदेशी दर अडीच आण्यांवर आला. तेव्हा साडेचार आण्यांच्या तिकिटांवरच 'अडीच आणे' असा ठसा मारून ती विकली गेली, संग्राहकांना ती माहीत असतात. अर्धा औंस म्हणजे पातळ कागदाचे दोन-तीन ताव. म्हणून त्या काळची परदेशी पत्रं पातळ कागदावर, दोन्ही बाजूंनी आणि समासात आडवं-उभं लिहिलेली दिसतात. पत्रिका आणि पुस्तकं 'बुक पोस्ट'नं जात. दर बराच कमी, पण वेष्टणाची टोकं उघडी हवीत आणि आत हस्तलिखित चिठ्ठी नको. चिठ्ठी सापडली की पत्राचा दर लागायचा. तिकीट कमी पडलं तर 'टी' अक्षराचा शिक्का बसून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट वसुली, तीही पत्र घेणाऱ्याकडून. नातं जपायचं तर वजन तोलूनच पाकीट बंद करावं लागे.

सह्यकडा
जोवाईची पत्रं मुंबईवरून गेली! हे लेखात जाणारच.

लिपीवेडा
टपाल झालं. पण नातं टिकलं त्याचं कारण पाकिटात नाही, पाकीट उघडल्यावर सिंग यांनी काय केलं त्यात आहे असं मला वाटतं. आलेलं इंग्रजी लेखन त्यांनी तसंच वाटलं नाही. उपासनेचा क्रम आणि गीतं खासीत बांधली, काही रचली, काही अनुवादली, आणि छापून घेतली.

छापणं शक्य झालं त्यामागं लिपीची गोष्ट आहे. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजीला आले आणि त्यांनी खासीसाठी रोमन लिपी वापरली. त्याआधी बंगाली लिपीत प्रयत्न झाले होते, ते रुजले नाहीत. रोमन खिळे कोणत्याही इंग्रजी छापखान्यात असायचे, त्यामुळं खासी पुस्तक छापायला नवीन ओतकाम लागत नसे. ज्या मिशनशी सिंग यांचं पटलं नाही, त्या मिशननं रूढ केलेली लिपीच त्यांच्या कामी आली. हे लेखात मोकळेपणानं लिहा, दोघांचाही मान राहतो.

खासी संदर्भ शोधणाऱ्यांसाठी: वर्णमालेत २३ अक्षरं आहेत. 'के' हे 'बी'च्या लगेच नंतर येतं. 'सी', 'एफ', 'क्यू', 'व्ही', 'एक्स', 'झेड' नाहीत. 'एनजी' हे एक स्वतंत्र अक्षर असून 'जी'नंतर लागतं. इंग्रजी क्रमानं सूची चाळली तर शब्द हमखास हुकतो आणि "या पुस्तकात नाहीच" असा निष्कर्ष निघतो. शिवाय नामाआधी 'का' किंवा 'उ' हे लिंगदर्शक येतं, ते सोडून मूळ शब्दावर शोधा. 'का नियाम' शोधायचं असेल तर 'नियाम' बघा. नियाम म्हणजे धर्म.

रानजाई
'के' दुसऱ्या नंबरच्या पाठीमागं बसलेला बघून आमच्या क-ख-ग-घ ला किती बरं वाटलं असेल! :)

जोवाईत तर पनार बोलतात ना? मग गीतं खासीत का?

लिपीवेडा
@रानजाई, चांगला प्रश्न. जोवाईची बोली पनार. पण लिखित प्रमाण खासी सोहरा म्हणजे चेरापुंजीच्या बोलीवर उभी राहिली आणि शाळा, पुस्तकं तिच्यातच. वेगवेगळ्या गावांतल्या मंडळींना एक गीतपुस्तक हवं तर ती सोयीची. नोंगतालांग, रालियांग, पुरियांग इथं मंडळ्या झाल्या तेव्हा याचा उपयोग झाला.

तळटीप
थोडं वेगळं मत मांडतो. लेखात "एकट्यानं सगळं केलं" असा सूर नको. संडरलंड १८९५-९६ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन युनिटेरियन असोसिएशनतर्फे भारतात आले, तेव्हा खासी टेकड्यांतही गेले. पुढं इंग्लंडहून मार्गारेट बार आल्या, १९३३ मध्ये कोलकात्याला आणि १९३६ मध्ये खासी टेकड्यांत. खारांगला त्यांनी शाळा आणि आरोग्याचं काम उभं केलं आणि १९७३ मध्ये त्या वारल्या. बाहेरचा आधार होता आणि तो मोलाचा होता. तो वगळून लिहिलं तर बार यांच्यावर अन्याय होतो.

मेघवाट
@तळटीप, बार यांच्याबद्दल पूर्ण सहमत, त्यांच्यावर स्वतंत्र धागा निघावा इतकं काम आहे. पण तुम्हीच दिलेल्या तारखा शेजारी ठेवा. सिंग गेले १९२३ मध्ये, बार टेकड्यांत आल्या १९३६ मध्ये. मधली तेरा वर्षं परदेशी पाळक मुक्कामी नसताना रविवारच्या उपासना चालू राहिल्या. प्रवचन गावातलीच माणसं देत आणि गीतपुस्तक हातात होतं. उपासना इंग्रजीत किंवा बाहेरच्या माणसावर बेतलेली असती तर बार यांना तिथं कोण भेटलं असतं?

तळटीप
तेरा वर्षांचा मुद्दा मान्य. "आधार मिळाला, पण त्याच्यावर टेकून बसले नाहीत" असं लिहिलं तर दोन्ही बाजू येतील.

गिरगावकर
संडरलंड यांच्या त्या दौऱ्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. डिसेंबर १८९५ मध्ये पुण्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तिला ते हजर होते. परत जाऊन त्यांनी असोसिएशनला सुचवलं की ब्राह्मो किंवा प्रार्थनासमाजाच्या तरुणांना शिष्यवृत्ती देऊन ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करू द्यावा. याच वाटेनं विठ्ठल रामजी १९०१ मध्ये गेले. जे. एस्टलिन कार्पेंटर यांच्या हाताखाली तौलनिक धर्माचा अभ्यास केला, सप्टेंबर १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि त्याच वर्षी मुंबईत परतून प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ ला डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं राहिलं.

म्हणजे जोवाई आणि गिरगाव या दोन टोकांना जोडणारा माणूस एकच, आणि दौराही एकच.

आणखी एक. मुंबईत आल्यावर शिंद्यांनी जी कामं काढली त्यात 'पोस्टल मिशन' होतं. ही कल्पना अमेरिकन युनिटेरियन बायकांची. सिनसिनाटीच्या सॅली एलिस, ऐकू येत नव्हतं, प्रकृती नाजूक, पण आपल्या चर्चच्या निस्सीम सभासद. १८८१ मध्ये त्यांनी सुरुवात केली. पद्धत अशी: वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्यायची की उदार धर्मावरच्या पुस्तिका मागणी केल्यास फुकट मिळतील. मागणी आली की एक-दोन पुस्तिका धाडायच्या, सोबत स्वतंत्र पत्र लिहायचं. उत्तर आलं तर त्या माणसाच्या शंकेप्रमाणे पुढची पुस्तिका निवडायची. नंतर पुस्तकं टपालानं उसनी द्यायची. नाव, पत्ता, काय पाठवलं, काय उत्तर आलं, याची वही ठेवायची. वही नीट नसली की एकच पुस्तिका दोनदा जाते आणि लिहिणाऱ्याला कळतं की आपलं पत्र कुणी वाचलेलंच नाही. तिथं नातं तुटतं.

एलिस १८८५ मध्ये गेल्या. 'परदेशी बंधुत्व' म्हणून आपण ज्या गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहितो, त्यामागं अशी वही सांभाळणारी माणसं होती.

ओंजळ
सॅली एलिस यांचं नाव पहिल्यांदाच वाचलं. धन्यवाद गिरगावकर.

एक शंका. प्रार्थनासमाज आणि युनिटेरियन एकच का मग?

गिरगावकर
एक नाही, जवळचे. मूर्तिपूजा नाही, एकच देव, कोणताही ग्रंथ अपौरुषेय नाही, इथपर्यंत दोघांचं जुळतं. पण युनिटेरियन ख्रिस्ती परंपरेतून आले आणि प्रार्थनासमाजानं (३१ मार्च १८६७, मुंबई) तुकोबा-नामदेवांचे अभंग उपासनेत घेतले. शिंदे ऑक्सफर्डला जाऊन युनिटेरियन चर्चचे सभासद म्हणून परतले असं कुणी लिहितं, ते चूक. गेले प्रार्थनासमाजी, आले प्रार्थनासमाजी. सिंग मात्र स्वतःला युनिटेरियन म्हणवत, नाव घेऊन.

जुनी वही
"भारतातले पहिले युनिटेरियन" असंही सिंग यांच्याबद्दल लिहू नका. चेन्नईत विल्यम रॉबर्ट्स यांनी १७९५ मध्येच मंडळी सुरू केली होती. ते मूळचे तमिळ, इंग्लंडला नोकर म्हणून गेले असताना तिथल्या युनिटेरियन लेखनाशी ओळख झाली. परतल्यावर लंडनच्या युनिटेरियनांशी त्यांचाही पत्रव्यवहार चालला आणि १८१३ मध्ये पुरसवाक्कमला प्रार्थनामंदिर बांधलं. कोलकात्यात राममोहन रॉय आणि विल्यम ॲडम यांची युनिटेरियन कमिटी १८२१ ची. सिंग यांचं मोठेपण 'पहिले'पणात शोधायची गरज नाही. कोलकात्याची कमिटी काही वर्षांत विरली. टेकड्यांतली मंडळी वाढून आज सुमारे दहा हजारांवर पोचली आहे.

रानजाई
अवांतर: १८९७ च्या भूकंपात यांच्या इमारतींचं काय झालं असेल?

मेघवाट
@रानजाई, १२ जून १८९७ च्या भूकंपात शिलाँग पठारावरच्या दगडी इमारती सरसकट कोसळल्या. जड दगड, चुन्यात बांधलेली उंच भिंत, वर जड छप्पर: हादरा बसला की भिंत आडवी वाकू शकत नाही, फुटते. त्यानंतर तिथं 'आसाम टाइप' घर रूढ झालं. लाकडी सांगाडा, मध्ये 'इकरा' म्हणजे बोरूसारख्या उंच गवताची जाळी, दोन्ही बाजूंनी गिलावा, वर पत्रा. भिंत हलकी असल्यानं डुलते पण पडत नाही. दोष एकच, गिलाव्याच्या भेगांतून पावसाचं पाणी आत गेलं की इकरा कुजतो, म्हणून दरवर्षी डागडुजी लागते. टेकड्यांतली जुनी प्रार्थनाघरं बघाल तर ही रचना ओळखता येईल.

आणि कागदांचं नुकसान भूकंपापेक्षा दमटपणानं जास्त होतं. जुनं गीतपुस्तक कुणाकडं असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत घाम धरून बुरशी येते. साध्या सुती कापडात गुंडाळा, आडवं ठेवा, आणि चिकटपट्टी अजिबात लावू नका. फोटो काढायचे तर पुस्तक पूर्ण उघडू नका, दोन्ही बाजूंना उशी देऊन अर्धंच उघडा. शिवण सुटत नाही.

सह्यकडा
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडं येतो. त्यांचा विचार एका परिच्छेदात सांगायचा तर कुठून सुरुवात करू? "त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे ख्रिस्ती मत) नाकारलं" म्हटलं की मराठी वाचक तिथंच थांबतो.

तळटीप
त्रैक्यानं सुरुवात करू नका. नाकारलेल्या गोष्टींनी माणूस कळत नाही. खासी परंपरेतली तीन वचनं घ्या: 'कमाइ इया का होक', न्यायानं कमवा. 'तिप ब्रिउ तिप ब्लेइ', माणूस ओळखा, देव ओळखा. 'तिप कुर तिप खा', आईकडचं आणि बापाकडचं गोत ओळखा. पूर्वजांजवळ हे होतं, ते सगळंच अंधार म्हणून टाकून द्यायला सिंग तयार नव्हते. मातृवंश चालवणाऱ्या समाजात देवाला पित्याबरोबर माता म्हणणंही परकं वाटलं नाही. विठाई-माउली म्हणणाऱ्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

एक जपा. १८९९ मध्ये शिलाँगला स्थापन झालेली सेंग खासी वेगळी. ती मूळ खासी धर्म जपण्यासाठी. दोन्हींची गल्लत सर्रास होते.

जुनी वही
मूळ पत्रं पाहायची असतील तर संडरलंड यांचे कागद मिशिगन विद्यापीठाच्या बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररीत आहेत. विनंती पाठवताना नुसतं "सिंग यांची पत्रं" लिहू नका. नावाची सगळी इंग्रजी वळणं द्या: हाजोममध्ये 'जे' एक आणि दोन, किसोरमध्ये 'एस' एक आणि दोन. जोवाई, शिलाँग, खासी हिल्स असे स्थळांचे शब्दही द्या, आणि वर्षांचा पट्टा १८८७ ते १९२३. तारखा वाचताना अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो हे विसरू नका, ६/९ म्हणजे नऊ जून. पत्रात "तुमचं पत्र मिळालं" असेल तर ते दीड-दोन महिन्यांपूर्वीचं धरा. नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर लागतो.

संडरलंड यांची पुढची ओळखही एका ओळीत द्या. भारताच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारं त्यांचं 'इंडिया इन बाँडेज' इथं सरकारनं जप्त केलं आणि प्रकाशक रामानंद चटर्जींवर खटला झाला. जोवाईच्या एका तरुणाशी पत्रमैत्री करणारा तोच हा माणूस.

सह्यकडा
सुरुवात अशी केलीय, बघा:

"१८८७ च्या सप्टेंबरात जोवाईतल्या एका घरात काही माणसं एकत्र बसली आणि आपल्या भाषेत एका देवाची प्रार्थना केली. घर हाजोम किसोर सिंग यांचं. या घरातून निघालेलं पत्र ब्रह्मपुत्रा उतरून, मुंबई बंदरातून, पाच-सहा आठवड्यांनी मिशिगनला पोचे. उत्तराची वाट बघत ते थांबले नाहीत, पुढच्या रविवारची गीतं लिहीत राहिले."

शेवटी त्यांचं ब्रीद द्यायचं आहे, 'तो नांगरोइ', म्हणजे वाढत राहा, पुढं जात राहा. बरोबर ना?

मेघवाट
सुरुवात सुंदर. "गीतं लिहीत राहिले" ऐवजी "उपासनेची तयारी करत राहिले" करा, दर आठवड्याला नवीन गीत असा अर्थ निघायला नको.

लिपीवेडा
अर्थ बरोबर. लिहिताना 'नांगरोइ' चालेल, पण मोठ्यानं वाचणार असाल तर त्यात 'ग' ऐकू येता कामा नये, नाहीतर मराठी कानाला 'नांगर' ऐकू येईल. 'वाङ्मय'मधला ङ् आहे तो. नाङ्, किंचित थांबा, मग रोइ.